दात्याचा हक्क कोठवर?

एखाद्या विद्यालयाचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल तर त्याच्या दफ्तरातील दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत: ज्या सनदेने ते उभे राहिले ती सनद, आणि ज्या जमाखर्चावर ते चालते ती वही. सनदेत संस्थापकांची आकांक्षा उतरलेली असते. ती आकांक्षा कोणाच्या पैशावर, कोणत्या शर्तींवर आणि किती काळ तगली याचा दाखला वहीत सापडतो. व्यापारी पेढीच्या बाबतीत या दोहोंत तफावत आढळली तर तो हिशेबनिसांचा आणि फार झाले तर न्यायालयाचा विषय होतो. धर्मश्रद्धेतून निघालेल्या विद्यालयाच्या बाबतीत मात्र तीच तफावत धर्मचिंतनाचा विषय होते; कारण तेथे देणारा देवाला स्मरून देतो, घेणारा देवाच्या नावाने घेतो, आणि एकदा दिलेल्या द्रव्यावर देणाऱ्याचा हक्क कोठवर पोहोचतो, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या कलमांत पुरतेपणी मिळत नाही.

हा प्रश्न अमूर्त स्वरूपात चघळीत बसण्यापेक्षा, ज्या एका विद्यालयाच्या चरित्रात तो बहुतेक सर्व अंगांनी येऊन गेला, त्या हुगळीकाठच्या सेरामपूर कॉलेजाच्या आधाराने तो तपासणे अधिक फलदायी होईल. हे विद्यालय आकाराने कधीच मोठे नव्हते, आणि धनाने तर नव्हतेच. परंतु ख्रिस्ती विद्यालय कशासाठी असावे, त्याने कोणाला शिकवावे, काय शिकवावे, आणि त्यासाठी कोणाचे पैसे घ्यावेत व कोणाचे परतवावेत, यांविषयीचे जे वाद पुढे हिंदुस्थानभर झाले, त्यांतील बहुतेक तेथे पहिल्या वीस वर्षांतच होऊन गेले होते.

1792 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील केटरिंग या गावी मूठभर बॅप्टिस्ट धर्मोपदेशक एकत्र जमले आणि परमुलखांत शुभवर्तमान पोहोचविण्यासाठी त्यांनी वर्गणीचे जे आकडे मांडले, त्यांची बेरीज 13 पौंड, 2 शिलिंग आणि 6 पेन्स इतकी भरली. एवढ्याशा भांडवलावर स्थापन झालेल्या त्या मंडळाने विल्यम कॅरी नावाच्या, जोडे शिवण्याचा धंदा शिकून पुढे स्वतःच्या हिमतीने अनेक भाषा आत्मसात केलेल्या माणसाला दुसऱ्याच वर्षी बंगालकडे रवाना केले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते; 1813 च्या सनदी कायद्याने वाट मोकळी होईपर्यंत त्यांना उघडपणे वास्तव्याची मुभा नव्हती. कॅरींनी आरंभी माल्डा भागात निळीच्या कारखान्यावर चाकरी धरून दिवस काढले, आणि 1800 च्या जानेवारीत ते डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालील सेरामपूर या वसाहतीत येऊन स्थिरावले. जोशुआ मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक त्यांच्या आधीच काही महिने तेथे उतरले होते, आणि डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी कंपनीच्या नाराजीची पर्वा न करता त्यांना आश्रय दिला होता. आपल्या राजाच्या सत्तेने जे नाकारले ते परक्या राजाच्या सत्तेने दिले, हा योगायोग या विद्यालयाच्या जन्माआधीच त्याच्या नशिबी लिहिला गेला.

या तिघांनी आपल्या संसारासाठी जो नियम घातला तो लक्षात घेतल्यावाचून पुढील वादांचे मर्म कळणार नाही. कोणाही एकाची मिळकत त्याची खाजगी नाही; ती सर्व समाईक खजिन्यात जमा व्हावी; प्रत्येक कुटुंबाला निर्वाहापुरती बेतशीर रक्कम मिळावी; उरलेले सर्व कार्याकडे जावे. मार्शमन आणि त्यांच्या पत्नी हॅना यांच्या निवासी शाळांचे उत्पन्न, वॉर्ड यांच्या छापखान्याची मिळकत आणि कॅरींचा तनखा हे सर्व या एकाच थैलीत पडे. कॅरींचा तनखा लहान नव्हता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात 1801 साली त्यांची दरमहा 500 रुपयांवर नेमणूक झाली आणि पुढे प्राध्यापक या नात्याने तो आकडा 1000 पर्यंत चढला. त्यातून त्यांच्या स्वतःच्या वाट्याला येई ती निर्वाहाची अल्प रक्कम, आणि सरकारी समारंभांना शोभेल असा पोशाख ठेवता यावा म्हणून वर थोडी पुस्ती.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे असे एक कारण आहे. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत यांच्याबरोबर मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी तयार केलेले मराठी व्याकरण 1805 साली आणि मराठी कोश 1810 साली सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला, आणि त्याच छापखान्यातून मराठीतील आरंभीची काही गद्य पुस्तके मोडी टाइपात निघाली. छापील मराठी गद्याच्या जन्मकथेत हा अध्याय सर्वपरिचित आहे. परंतु त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. कंपनीच्या तरुण अंमलदारांना मराठी शिकविल्याबद्दल कंपनीच्या खजिन्यातून कॅरींना जो तनखा मिळे, तो समाईक थैलीतून फिरून अखेर सेरामपूर कॉलेजाच्या भिंतींत गेला. मिशनऱ्यांना आपल्या मुलखात पाय ठेवू न देणाऱ्या सरकारचाच पैसा, भाषाशिक्षणाचा मोबदला म्हणून प्रामाणिकपणे कमावला जाऊन, मिशनऱ्यांच्या विद्यालयाला लागला. आणि हा पैसा मजुरीचा असल्यामुळे त्याच्यावर कोणा दात्याची शर्त नव्हती. या विद्यालयाला पुढे ज्या निर्भयतेने बोलता आले, तिचे एक कारण हेच होते.

1818 च्या जुलै महिन्यात कॉलेजाची योजना प्रसिद्ध झाली. आशियातील ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान यांचे शिक्षण देण्यासाठी हे विद्यालय स्थापण्यात येत आहे, असा त्या योजनेचा आशय होता, आणि त्यातील ‘इतर’ हा शब्द अनवधानाने पडलेला नव्हता. पहिल्या तुकडीतील 37 विद्यार्थ्यांपैकी 19 ख्रिस्ती होते; उरलेल्यांत बहुसंख्य हिंदू होते. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथे देशभाषा असावे, संस्कृताचे अध्ययन पायाशुद्ध व्हावे, आणि खगोल, वनस्पतिशास्त्र, रसायन या विषयांचा परिचय विद्यार्थ्याला त्याला कळेल अशा बोलीत घडावा, असा संस्थापकांचा आग्रह होता. स्कॉटलंडहून आलेल्या जॉन मॅक या अध्यापकाने रसायनशास्त्रावर लिहिलेला बंगाली ग्रंथ 1834 साली येथूनच प्रसिद्ध झाला. अलेक्झांडर डफ यांनी 1830 साली कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची जी शाळा उघडली, तिच्या झळाळीपुढे सेरामपूरचा हा मार्ग पुढे मागे पडला, हे खरे. परंतु मागे पडलेला मार्ग चुकीचाच होता असे समजण्याची घाई इतिहासाने करू नये.

या योजनेच्या पोटात एक धर्मशास्त्रीय निर्णय दडलेला आहे, आणि तोच या निबंधाचा खरा विषय आहे. धर्मप्रसारासाठी निघालेल्या माणसाने विद्यालय काढावे, याचे दोन अर्थ होऊ शकतात. पहिला अर्थ असा की विद्या हे आमिष आहे: गणित, भूगोल आणि इंग्रजी यांच्या ओढीने विद्यार्थी आवारात येईल, आणि एकदा आला म्हणजे त्याच्या कानांवर शुभवर्तमान घालता येईल. दुसरा अर्थ असा की सृष्टी ही ईश्वराची कृती असल्यामुळे तिच्या नियमांचे ज्ञान हेही ईश्वराच्या ओळखीचाच एक भाग आहे; म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने ख्रिस्ताचे नाव कधीही घेतले नाही, तरी त्याला वनस्पतींची रचना आणि ग्रहांची गती नीट शिकविणे ही ख्रिस्ती माणसाने केलेली उपासनाच होय. पहिल्या अर्थाने चालविलेल्या विद्यालयात विद्यार्थी धर्मांतर न करता निघून गेला की त्याच्यावर झालेला खर्च वाया जातो. दुसऱ्या अर्थाने चालविलेल्या विद्यालयात तो खर्च शिकवून होताच फळाला आलेला असतो. सेरामपूरच्या त्रयीला धर्मांतर नको होते असे मुळीच नाही; ते निष्ठावंत प्रचारक होते आणि आपला हेतू त्यांनी कधी लपविला नाही. परंतु त्यांनी शिक्षणाची आखणी दुसऱ्या अर्थाला धरून केली, आणि तसे केल्यामुळेच त्यांचा दात्यांशी खटका उडणे अटळ झाले.

वॉर्ड 1819 ते 1821 या काळात इंग्लंड, हॉलंड आणि अमेरिका येथे फिरून कॉलेजासाठी वर्गणी गोळा करीत होते. अमेरिकेत सुमारे 10,000 डॉलर जमले. पण तो पैसा तेथेच विश्वस्तांच्या हाती राहिला आणि त्याचे व्याज सेरामपूरला पाठविण्याची तजवीज झाली. पुढे विश्वस्तांच्या मनात शंका उद्भवली: हा पैसा एतद्देशीय उपदेशक तयार करण्यासाठी दिलेला आहे, त्याचा एक पैसाही विज्ञान शिकविण्यावर खर्च होता कामा नये. कॅरींनी या अटीला दिलेले उत्तर त्यांच्या एरवीच्या सौम्य स्वभावाला न शोभण्याइतके तिखट आहे. इतकी अनुदार गोष्ट आपण कधी ऐकली नाही, असे सांगून त्यांनी रोकडा सवाल टाकला की विज्ञानावाचून धर्मोपदेशक घडतो काय, आणि तुमच्या अमेरिकेत तरी तुम्ही तो तसा घडविता काय?

दात्यांच्या बाजूला न्याय देणे अवश्य आहे. ज्यांनी हे डॉलर दिले ते सर्वच धनाढ्य नव्हते; चर्चमधील थाळीत रविवारी पडलेली नाणीही त्यांत असतील. त्यांनी ज्या कामासाठी आपल्या गरजांना मुरड घातली ते काम व्हावे, भलतेच होऊ नये, ही अपेक्षा कोणत्याही प्रामाणिक माणसाची असते, आणि विश्वस्ताने ती अपेक्षा जपली नाही तर विश्वस्त या शब्दाला अर्थ उरत नाही. त्यांची चूक अपेक्षा बाळगण्यात नव्हती. उपदेशक कशाने तयार होतो हे ठरविण्याचे ज्ञान पैशाबरोबर आपल्याकडे आपोआप येते, या समजुतीत ती होती. हुगळीकाठी एखाद्या विद्वान पंडिताशी ग्रहणाविषयी बोलताना ज्या तरुण उपदेशकाला खगोलातील साधा नियम ठाऊक नसेल, त्याच्या तोंडून निघालेल्या पारमार्थिक वचनावर तो पंडित कोणत्या आधाराने विश्वास ठेवील, हे बोस्टनमध्ये बसून कळणे कठीण होते. शिकविणाऱ्याला ते रोज कळत होते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शोमरोनातील शिमोनाची जी कथा आहे, ती ख्रिस्ती परंपरेत देवाच्या दानाची खरेदी करू पाहणाऱ्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. त्याने प्रेषितांपुढे पैसे ठेवले आणि पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य मागितले. पेत्राने ते पैसे कठोर शब्दांत झिडकारले. दात्याच्या शर्तीत शिमोनाचा हा दोष सूक्ष्म रूपाने शिरू शकतो: सामर्थ्य विकत मागण्याऐवजी तो सत्याची मर्यादा विकत मागतो. याउलट मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची येशूने जी प्रशंसा केली, तिच्यात रकमेच्या अल्पत्वाबरोबर आणखी एक गोष्ट आहे: त्या टोल्यांचे पुढे काय होणार, हे विचारण्यासाठी ती थांबली नाही. आपल्या परंपरेत गीतेच्या सतराव्या अध्यायाने हाच विवेक दानाच्या तीन प्रकारांत मांडला आहे. परतफेडीच्या अपेक्षेने किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले दान तेथे राजस ठरते. दोन भिन्न धर्मांच्या शास्त्रांनी एकाच ठिकाणी बोट ठेवावे, यावरून हा दोष कोणा एका समाजाचा नसून दान करणाऱ्या मनाचाच आहे, हे उघड होते.

कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी विद्यालयाला दात्यांच्या लहरीपासून वाचविण्यासाठी दोन उपाय योजले. पहिला, इमारतीचा बराचसा खर्च त्यांनी आपल्या समाईक मिळकतीतून केला. दुसरा उपाय अधिक दूरदृष्टीचा होता. 1826 साली मार्शमन कोपनहेगनला गेले, आणि 23 फेब्रुवारी 1827 रोजी राजा सहावा फ्रेडरिक याने सेरामपूर कॉलेजाला सनद बहाल केली, तिने या विद्यालयाला कोपनहेगन आणि कील येथील विद्यापीठांप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. हिंदुस्थानात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे स्थापन होण्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पुढे 12 जून 1833 च्या नियमावलीने असे ठरविले की जात, वर्ण किंवा देश यांपैकी कोणतीही गोष्ट प्रवेशाच्या आड येऊ नये. मात्र ज्यांच्या हाती कॉलेजाचा कारभार राहील त्यांची ख्रिस्ती श्रद्धेच्या मूलतत्त्वांवर निष्ठा असावी. राखणाऱ्याची निष्ठा निश्चित आणि येणाऱ्यासाठी दार मोकळे, ही जी मांडणी त्या नियमावलीने केली, तीत ख्रिस्ती विद्यालयाच्या ध्येयाचा गाभा आहे असे मला वाटते. श्रद्धा ही शिकविणाऱ्याने स्वतःवर घातलेली शर्त आहे. ती शिकणाऱ्याकडून वसूल करावयाची नाही.

पण याच सुमारास, ज्यांनी दात्यांना त्यांची मर्यादा दाखविली, त्यांच्यावरच तो प्रश्न उलटला. लंडनमधील मातृसंस्थेत जुने सहकारी जाऊन नवे लोक आले होते, आणि सेरामपूरची मालमत्ता कोणाच्या मालकीची, तिच्यावर हुकमत कोणाची, हा वाद वर्षानुवर्षे चिघळत होता. लंडनचे म्हणणे असे की मंडळाच्या नावाने जे उभे राहिले ते मंडळाचे. सेरामपूरचे म्हणणे असे की आम्ही अर्धपोटी राहून जे कमावले आणि धर्मकार्याला वाहिले, त्यावर साता समुद्रांपलीकडील कमिटीने हुकूम का चालवावा? वॉर्ड 1823 साली पटकीने निवर्तले होते. उरलेल्या दोघांच्या हयातीत, 1827 साली, दोन्ही पक्ष विभक्त झाले आणि मार्शमन यांच्या अखेरच्या वर्षी, 1837 मध्ये, पुन्हा एकत्र आले.

या वादात सेरामपूरची बाजू अधिक न्याय्य होती, असे चरित्रकारांपैकी अनेकांना वाटते, आणि कागदपत्रांवरून ते मत निराधार दिसत नाही. तथापि धर्मदृष्ट्या पाहिले तर एक अवघड गोष्ट शिल्लक राहते. ज्याने सर्वस्व दिले त्यालाही आपण दिलेल्यावरील हात काढून घेणे जड जाते, किंबहुना सर्वस्व दिलेल्यालाच ते अधिक जड जाते. कारण थाळीत नाणे टाकणाऱ्याचा त्या नाण्यापुरताच संबंध असतो, आणि आयुष्य वेचणाऱ्याचे आयुष्यच तेथे गहाण पडलेले असते. ही आसक्ती पैशाची नव्हे, त्यागाची. आणि तिला ओळखणे पैशाच्या आसक्तीहून कठीण, कारण ती सद्गुणाच्या वेषात वावरते. महाराष्ट्राला हा अनुभव अगदी जवळचा आहे. 1884 साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर जन्म वाहणाऱ्या आजीव सभासदांमध्ये, सभासदाने बाहेरची मिळकत करावी की नाही, या प्रश्नावरून जो तीव्र मतभेद झाला, त्याची परिणती 1890 साली टिळकांच्या राजीनाम्यात झाली. तेथे धर्मप्रसार नव्हता, परकी कमिटी नव्हती, सर्वजण निरिच्छ देशभक्त होते. तरीही त्यागाचे माप कोणी ठरवावयाचे यावर संस्था दुभंगली. दात्याचा हक्क कोठे संपतो, हा प्रश्न श्रीमंत दात्याला विचारणे सोपे असते. तो आत्मदान करणाऱ्याला विचारणे हीच खरी कसोटी.

सेरामपूरच्या संस्थापकांना तो प्रश्न अखेर काळानेच विचारला. 1830 च्या जानेवारीत कलकत्त्याच्या पामर आणि कंपनी या पेढीचे दिवाळे वाजले आणि पाठोपाठ इतर पेढ्याही कोसळल्या. मिशनची गुंतवणूक त्यांत बुडाली. त्याच सुमारास फोर्ट विल्यम कॉलेजातील प्राध्यापकपदे रद्द होऊन कॅरींचे उत्पन्न निम्म्यावर आले. ज्या समाईक थैलीच्या बळावर विद्यालयाने कोणाची शर्त मानली नव्हती, ती थैलीच रिकामी झाली. 1834 साली कॅरी गेले, आणि मॅक व जोशुआ मार्शमन यांचे चिरंजीव जॉन क्लार्क मार्शमन यांनी मुख्यतः स्वतःच्या कमाईवर विद्यालय तगवून धरले. 1845 साली डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकले, तेव्हा सनदेने दिलेले हक्क तहात सुरक्षित राहिले. मात्र पदव्या देण्याचा तो अधिकार वापरण्याइतके बळ विद्यालयापाशी नव्हते. पुढे ते लंडनच्या मंडळाकडे गेले, कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न झाले, आणि 1883 साली तर पदवीशिक्षण बंद करून त्याने स्वतःला ख्रिस्ती कार्यकर्त्यांच्या शिक्षणापुरते आकुंचित केले.

यातील शोकात्म विपर्यास लक्षात घ्यावा. अमेरिकेतील विश्वस्तांना साठ वर्षांपूर्वी जे हवे होते, म्हणजे इतर विद्यांचा पसारा टाळून केवळ उपदेशक तयार करणारी शाळा, तेच आता कोणाच्याही हुकमाविना अवतरले. जे शर्तीने साधले नाही ते टंचाईने साधले. ध्येयाशी सरळ द्रोह करावयाचा झाल्यास माणसे चर्चा करतात, मतभेद नोंदवितात, राजीनामे देतात. परंतु या वर्षी रसायनाचा अध्यापक नको, पुढल्या वर्षी ग्रंथालयाची खरेदी तहकूब, त्यापुढल्या वर्षी एक वर्गच कमी, अशी काटकसर होत गेली की तिला विरोध करणारा मनुष्य अव्यवहारी ठरतो, आणि एके दिवशी सनद तीच राहून विद्यालय दुसरेच झालेले असते. गरिबी ही साधूला शोभते. विद्यालयाला ती शोभतेच असे नाही. साधूच्या दारिद्र्याचा भार तो स्वतः सोसतो, विद्यालयाच्या दारिद्र्याचा भार विद्यार्थी सोसतो.

म्हणून ध्येयवादी संस्थेने पैशाविषयी बोलताना संकोचावे, ही आपल्याकडील सभ्य समजूत मला मान्य नाही. जॉर्ज हॉवेल्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूरची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांनी नवे ध्येय शोधले नाही. जुनी सनद उघडली आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी किती माणसे व किती द्रव्य लागेल हे निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांपुढे मांडले. 1911 साली पदवीशिक्षण पुन्हा सुरू झाले, 1915 साली ईश्वरविद्येच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, आणि 1918 च्या बंगाल कायद्याने सनदेतील अधिकाराला अर्वाचीन रूप मिळाले. आज त्या सनदेच्या आधाराने देशभरातील अनेक ख्रिस्ती धर्मविद्यालयांच्या पदव्या सेरामपूरच्या सिनेटकडून दिल्या जातात; पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी हे त्यांतले आपल्या जवळचे उदाहरण. राजाने दिलेल्या रोकड रकमा केव्हाच संपल्या असत्या. त्याने दिलेला अधिकार कोणत्याही एका पंथाच्या किंवा अभ्यासक्रमाच्या खुंटीला बांधलेला नव्हता, म्हणूनच सुमारे ऐंशी वर्षे निपचित पडूनही तो कामास येऊ शकला.

आता आजच्या लहान ख्रिस्ती महाविद्यालयाकडे वळू. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि केवळ अल्पसंख्याकांची म्हणून सरकारने अनुदानात दुजाभाव करू नये असेही बजावले आहे; तर अठ्ठाविसाव्या कलमाने अशा अनुदानित संस्थेतील कोणाही विद्यार्थ्यावर त्याच्या किंवा पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. सेरामपूरच्या 1833 च्या नियमावलीशी ही व्यवस्था ताडून पाहिली तर असे दिसेल की राखणाऱ्याची निष्ठा आणि येणाऱ्याचे स्वातंत्र्य, या दोन्ही गोष्टी घटनाकारांनीही एकत्र नांदविल्या आहेत. भास्करराव हिवाळे यांनी 1947 साली अहमदनगरला महाविद्यालय काढले, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर केवळ ख्रिस्ती तरुण नव्हते. पुण्यामुंबईला जाण्याची ऐपत नसलेला त्या दुष्काळी जिल्ह्यातील कोणत्याही घरचा मुलगा होता.

अशा महाविद्यालयाच्या गरजा कोणत्या असतात? सरकारी अनुदान बव्हंशी मंजूर पदांच्या वेतनापुरते असते. मंजूर न झालेल्या पदावर शिकविणाऱ्याचा पगार, वसतिगृहातील गरीब मुलांच्या जेवणाचा खर्च, जुन्या इमारतीच्या कौलांची डागडुजी, ग्रंथपालाला दरवर्षी विकत घ्यावीशी वाटणारी आणि घेता न येणारी पुस्तके, प्रयोगशाळेतील फुटलेली काचपात्रे, हे सर्व अनुदानाच्या बाहेर राहते. परदेशांतील मंडळ्यांकडून पूर्वी जो ओघ येई तो आटला आहे, आणि जो येतो त्याला विदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याच्या नोंदी व मंजुऱ्या लागतात. शुल्क वाढवावे तर ज्याच्यासाठी विद्यालय काढले तोच दाराबाहेर राहतो. राहता राहिला दाता. दात्याला सभागृह बांधावयास आवडते, कारण सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसते. गळक्या छपराच्या दुरुस्तीवर पाटी बसत नाही. त्यामुळे ज्या आवारात दोन सभागृहे आहेत तेथेच तिसऱ्या सत्रात अध्यापकाचा पगार थकलेला असतो, असे विसंगत दृश्य निर्माण होऊ शकते. दात्याची शर्त नेहमी लेखीच असते असे नाही. त्याची आवड हीच एक अबोल शर्त होऊन बसते, आणि संस्थेचे चालक ती शर्त न सांगताच ओळखून आपल्या गरजांची यादी तिच्या बेताने लिहू लागतात.

दात्याचा हक्क कोठवर, या प्रश्नाचे माझे उत्तर यातून निघते. दात्याला हिशेब मागण्याचा पूर्ण हक्क आहे. आपण दिलेला रुपया कोठे गेला हे पैपर्यंत त्याला दाखविले पाहिजे, आणि जी संस्था देवाच्या नावाने हिशेबाचे कागद झाकते ती देवाचे आणि दात्याचे असे दोन अपराध एकदम करते. संस्था सनदेला धरून चालली आहे किंवा नाही, हे विचारण्याचाही त्याला हक्क आहे, कारण त्या सनदेवर विश्वास ठेवूनच त्याने हात सैल केला. परंतु वर्गात कोणते सत्य सांगावे, कोणत्या विद्यार्थ्याला बसू द्यावे, आणि त्या विद्यार्थ्याच्या अंतःकरणात अखेर काय पिकावे, येथे त्याचा हक्क पोहोचत नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे माणसाचे अंतःकरण ही देवाशिवाय कोणाचीच मालमत्ता नाही. मग ते देणगीदाराच्या तारणात कसे पडावे? जो दाता हे मानतो त्याचे दान स्वीकारावे. जो मानत नाही त्याचे दान, ते कितीही मोठे असले आणि छप्पर कितीही गळत असले, तरी आदराने परत करावे.

या परतीचा खर्च फार मोठा आहे, हे मी विसरलेलो नाही. टंचाई हीदेखील एक शर्तच असते, हे सेरामपूरच्या 1883 सालाने दाखविले आहे. म्हणून नकार देणाऱ्या संस्थेने नकारावर समाधान मानून बसणे हा दंभ होईल. तिला दुसऱ्या बाजूने मागावेच लागेल, आणि तेही संकोच सोडून: माजी विद्यार्थ्यांकडे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, कारण त्यांच्यावर झालेला खर्च धर्माच्या हिशेबी कधीच बुडीत धरलेला नव्हता, गावातील व्यापाऱ्यांकडे, ज्यांची मुले तेथे शिकली, आणि लहान मंडळ्यांतील त्या बिननावाच्या माणसांकडे, ज्यांच्या अल्प देणग्यांना पाटी लागत नाही आणि शर्तही लागत नाही. मोठ्या एका दात्यापेक्षा लहान हजार दाते मिळविणे अधिक कष्टाचे आहे. पण हजारांपैकी कोणाही एकाला वर्गाच्या दाराशी उभे राहून आतला धडा बदलता येत नाही, आणि ख्रिस्ती विद्यालयाला आपल्या ध्येयाशी इमान राखावयाचे असेल तर हे कष्ट त्याच्या कारभाराचा नव्हे, त्याच्या धर्माचाच भाग मानले पाहिजेत.